गोळीचे उसने पूर्वज

शिसपेन्सिल नसती तर औषधाची गोळी आज दिसते तशी दिसली नसती. विल्यम ब्रॉकडन हा इंग्रज पेशाने चित्रकार. आल्प्सच्या घाटवाटा पायाखाली घालून त्यांची चित्रं छापणारा. पण बाप घड्याळजी, त्यामुळे यंत्रांची खटपट रक्तातच होती. इंग्लंडच्या उत्तरेला बॉरोडेलच्या खाणीतलं ग्रॅफाइट पेन्सिलींसाठी नावाजलेलं. त्याचे चांगले, अखंड तुकडे संपत आले होते आणि भुकटी तेवढी ढिगाने उरली होती. ब्रॉकडनने ती भुकटी साच्यात भरून वरून जबर दाब दिला आणि तिचा घट्ट ठोकळा केला. १८४३ साली त्याने या युक्तीचं पेटंट घेतलं. त्यात पेन्सिलीच्या शिशाबरोबर औषधाच्या गोळ्याही होत्या. तोवर गोळी म्हणजे खलात मळून, लांबट वळकटी करून, तुकडे पाडून हाताने वळलेली वस्तू. एक मोठी, एक लहान. ब्रॉकडनची गोळी मोजूनमापून सारखी.

या गोळीतलं औषध पोटात विरघळावं कसं, याची विद्या पुढच्या दीडशे वर्षांत उभी राहिली, तिचीही हीच तऱ्हा. फोटोची फिल्म, प्लास्टिकच्या नळ्या, दुधाची भुकटी, केकवरची सजावट, कुठकुठल्या घरांतून तिने पूर्वज उसने आणले आहेत! औषधनिर्माणशास्त्राची पाठ्यपुस्तकं वाचताना मात्र हे सगळं जणू त्यांच्याच अंगणात उगवलं असं वाटतं.

ब्रॉकडनच्या दाबाने एक अडचण मिटली आणि दुसरी उभी राहिली. डबीत खडखडली तरी फुटू नये इतकी गोळी घट्ट हवी, आणि पोटात गेली की झटकन सुटी व्हायला हवी. पेन्सिलीवर ही दुसरी अट नव्हती. त्यावरचा जुना उपाय स्टार्चचा. गोळीत मिसळलेला मक्याचा किंवा बटाट्याचा स्टार्च पाणी पितो, फुगतो आणि गोळीला आतून फोडतो. आता त्याच्या जागी सोडियम स्टार्च ग्लायकोलेट, क्रॉसकार्मेलोज अशी जास्त तहानलेली मंडळी आली आहेत, पण काम तेच. गोळी फुटते की नाही हे बघायची चाचणीही आली. जाळीच्या तळाच्या सहा नळ्या, प्रत्येकीत एक गोळी, आणि ३७ अंश सेल्सियसच्या पाण्यात त्यांची सतत खालीवर बुचकळी. भारतीय औषधकोशात साध्या, लेप नसलेल्या गोळीला १५ मिनिटांची मुदत आहे. तेवढ्यात ती फुटून जाळीखाली गेली की पास.

गोम इथेच आहे. जाळीतून खाली जायला कणाने विरघळावं लागत नाही, भोकापेक्षा लहान असलं की पुरतं. बारीक वाळूची गोळी केली तरी ती ही परीक्षा पहिल्या वर्गात पास होईल. आतड्याच्या भिंतीतून रक्तात जायचं तर मात्र रेणू सुटा होऊन पाण्यात यावाच लागतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत औषधवाल्यांनी फुटण्यालाच विरघळणं मानलं, आणि पुष्कळशी औषधं पाण्यात बऱ्यापैकी विरघळणारी असल्यामुळे ते खपूनही गेलं.

वास्तविक विरघळण्याचा हिशेब तोवर केव्हाच मांडून झाला होता. १८९७ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आर्थर नॉइज आणि विलिस व्हिटनी या दोघांनी बेंझोइक ॲसिड आणि लेड क्लोराइड या दोन अल्पविद्राव्य पदार्थांच्या कांड्या पाण्याच्या बाटल्यांत फिरवल्या आणि ठराविक वेळाने किती पदार्थ पाण्यात उतरला ते मोजलं. घन पदार्थाला चिकटून असलेला पाण्याचा पातळसा थर लगेच तुडुंब भरतो. पुढची गती ठरते ती या थरात आणि बाकीच्या पाण्यात किती तफावत आहे त्यावर. १९०४ मध्ये नेर्न्स्ट आणि ब्रुनर या जर्मन जोडीने त्या थराची जाडी आणि पदार्थाचा उघडा पृष्ठभाग यांचाही हिशेब मांडला. म्हणजे औषध लवकर विरघळवायचं तर दोन वाटा उघड होत्या: त्याचा पृष्ठभाग वाढवा, नाहीतर मुळात ते पाण्यात जास्त मावेल असं काही करा. पण नॉइज आणि व्हिटनी औषधवाले नव्हतेच. व्हिटनी तर १९०० मध्ये जनरल इलेक्ट्रिकची संशोधनशाळा उभी करायला गेला आणि विजेच्या दिव्यांच्या तारांत रमला. त्यांचं समीकरण औषधाच्या कारखान्यात पोहोचायला साठेक वर्षं लागली. याला मी आळस म्हणणार नाही. गरजच पडली नव्हती. ती पाडली गजकर्णावरच्या एका औषधाने.

ग्रिझिओफुल्विन हे ते औषध. १९३९ साली लंडनमध्ये हॅरल्ड रेस्ट्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पेनिसिलियम या बुरशीच्या एका जातीतून वेगळं काढलं आणि नोंद करून बाजूला ठेवलं. दुसऱ्या बाजूने, डॉर्सेट परगण्यातल्या वेअरहॅम हीथ नावाच्या माळावर सूचिपर्णी झाडं का जगत नाहीत याचा शोध चालू होता. त्या मातीतल्या एका बुरशीने सोडलेला पदार्थ दुसऱ्या बुरशींचे तंतू वेडेवाकडे पिळवटून टाकतो असं ब्रायन या संशोधकाला आणि त्यांच्या सोबत्यांना १९४६ मध्ये दिसलं. ते ग्रिझिओफुल्विनच निघालं. त्यानंतरही दहाएक वर्षं ते झाडांवरच्या रोगांचं औषध म्हणून चाचपलं जात होतं. १९५८ साली ग्लासगोच्या जेंटल्सने गजकर्ण झालेल्या गिनीपिगांना ते तोंडावाटे दिलं आणि कातडी बरी झाली. तोवर डोक्यातल्या गजकर्णावर क्ष-किरणांनी केस गाळण्यासारखे अघोरी उपाय चालत. आता पोटात घ्यायची गोळी आली.

पण गोळी पोटात घेतली म्हणजे औषध अंगी लागलं असं नव्हे. ग्रिझिओफुल्विन एक लिटर पाण्यात विरघळतं ते जेमतेम दहा-पंधरा मिलिग्रॅम. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी पुरती विरघळवायची तर निदान तीस-चाळीस लिटर पाणी, म्हणजे आंघोळीच्या दोन बादल्या. माणूस गोळीबरोबर पितो पेलाभर पाणी. मग व्हायचं असं की औषध जसं गेलं तसं बरंचसं खालून बाहेर. रोज एकेक ग्रॅम घेऊनही रक्तात पातळी फारशी चढायची नाही. १९६१ मध्ये क्राउन्स या अमेरिकी डॉक्टरला आढळलं की हेच औषध तुपकट, तेलकट जेवणाबरोबर घेतलं तर रक्तात बरंच जास्त उतरतं, कारण चरबीसाठी आतड्यात येणारं पित्त साबणासारखं काम करतं आणि औषधालाही ओढून घेतं. १९६२ मध्ये ग्रीनफर्डच्या ग्लॅक्सो प्रयोगशाळेतल्या ॲटकिन्सन आणि मंडळींनी दाखवलं की औषधाची पूड आणखी बारीक केली तर निम्म्या मात्रेत तेवढीच पातळी मिळते. रेणू तोच, रसायन तेच, फक्त दळण बारीक. नॉइज-व्हिटनींचं समीकरण औषधाच्या दुकानात आलं ते इथून. मराठी घरांतही ते येऊन गेलं आहे: ग्रिझोव्हिन एफपी ही गोळी आपल्याकडे वर्षानुवर्षं खपली, त्यातलं ‘एफपी’ म्हणजे ‘फाइन पार्टिकल’, बारीक कण. पट्टीवरची ती दोन अक्षरं फारसं कुणी वाचत नसे.

बारीक करून औषध देण्याची अक्कल काही साहेबाने शिकवलेली नाही, हे खरं. सहाणेवर वेखंड-मुरडशेंग उगाळून बाळगुटी देणाऱ्या आज्या पाण्यात ओलं दळणच करत होत्या, आणि मात्राही वेढ्यांच्या हिशेबाने मोजत होत्या. रसशास्त्रात भस्म बोटांच्या रेषांत शिरलं पाहिजे, पाण्यावर तरंगलं पाहिजे, अशा कसोट्या आहेत. मात्र म्हणून ‘नॅनो तंत्रज्ञान आमच्याकडे होतंच’ असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी बसणार नाही. बारीक करणं एक, आणि बारीक केल्याने रक्तात किती जास्त उतरलं हे मोजणं दुसरं.

दळणालाही मर्यादा आहे. हवेच्या झोताच्या जेट मिलमध्ये कण एकमेकांवर आपटवून चार-पाच मायक्रॉनपर्यंत आणता येतात. त्याच्या पुढे ते विजेने भारल्यासारखे एकमेकांना बिलगतात, गुठळ्या होतात, मशिनच्या नरसाळ्यातून धड वाहत नाहीत, आणि पाण्यात टाकले तर न भिजता वर तरंगतात. केलेली मेहनत पाण्यात, तीही न विरघळता. ही कोंडी फोडणारा पाहुणा आला तो फोटोच्या फिल्मच्या घरून. स्टर्लिंग विन्थ्रॉप ही औषध कंपनी १९८८ मध्ये ईस्टमन कोडॅकने विकत घेतली. फिल्मसाठी पाण्यात न विरघळणारी रसायनं बारीक दळून समप्रमाणात पसरवून ठेवायची विद्या कोडॅककडे पिढ्यान्‌पिढ्यांची. गॅरी लिव्हरसिज आणि सहकाऱ्यांनी तीच औषधाला लावली: औषध, पाणी आणि कणांना बिलगू न देणारा पदार्थ एकत्र घालून बारीक मण्यांच्या चक्कीत तासन्‌तास घुसळणं. डॅनॅझोल या औषधाचे दहा मायक्रॉनचे कण ०.२ मायक्रॉनच्या आत आणल्यावर कुत्र्यांच्या रक्तात पोहोचणारा वाटा ५ टक्क्यांवरून ८२ टक्क्यांवर गेला, असं त्यांनी १९९५ मध्ये छापलं. २००० साली सिरोलिमसची गोळी याच पद्धतीने बाजारात आली. मूत्रपिंड बदललेल्या रोग्यांना तोवर ते औषध द्रवरूपात घ्यावं लागे. कोडॅकची फिल्म मागे पडली, चक्की राहिली.

दुसरी वाट, म्हणजे औषधाची मुळातली मगरुरी मोडायची, ती जपानमधून सुरू होते. १९६१ मध्ये केइजी सेकिगुची आणि नोबोरू ओबी यांनी सल्फाथायाझोल हे औषध आणि युरिया एकत्र वितळवून थिजवलं. थिजलेल्या गोळ्यातला युरिया पाण्यात झटकन निघून जातो आणि मागे औषधाचे अतिसूक्ष्म स्फटिक पाण्यात उघडे पडतात. माणसांना ते देऊन पाहिलं, तर नेहमीच्या सल्फाथायाझोलपेक्षा ते लवकर शोषलं गेलं. १९६९ ते १९७१ या काळात सॅन फ्रान्सिस्कोत विन लूंग चियू आणि सिडनी रीगलमन यांनी युरियाऐवजी पॉलिएथिलीन ग्लायकॉल घेतलं आणि औषध घेतलं तेच, आपलं गजकर्णाचं ग्रिझिओफुल्विन. यातूनच पुढे अमेरिकेत ‘ग्रिस-पेग’ ही गोळी निघाली.

स्फटिकातल्या रेणूंनी एकमेकांचे हात घट्ट धरलेले असतात; ते सोडवायला पाण्याला जोर लावावा लागतो. वितळवून किंवा द्रावणातून एकदम कोरडं केलं तर रेणूंना रांग धरायला वेळच मिळत नाही, ते काचेसारखे अस्ताव्यस्त गोठतात आणि पाणी त्यांना सहज उचलतं. जत्रेतले म्हातारीचे केस ही अशीच गोठलेली साखर. जिभेवर ठेवली की गेली. पण पावसाळी हवेत तासभर उघडी राहू द्या, दमट हवेने चिकट होऊन बसते आणि पुन्हा दाणे धरू लागते. काचरूप औषधाचं दुखणं नेमकं हेच. कारखान्यात उत्तम विरघळणारी गोळी सहा महिन्यांनी दुकानात जाईतो परत स्फटिक झालेली असते. त्यात वितळवताना औषध जळायची भीती, आणि थिजलेला गोळा इतका चिवट की तो कुटून गोळ्या पाडणं जिकिरीचं. या पायी ही सुंदर कल्पना जवळपास तीस वर्षं प्रबंधांतच राहिली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीसही बाजारातली उदाहरणं द्यायची तर ग्रिझिओफुल्विन, नॅबिलोन अशी मोजकीच नावं निघत.

औषधाच्या रेणूंना परत रांग धरू न देणारे राखणदार लागतात, ते बहुलक, म्हणजे पॉलिमर. त्यातल्या मुख्य घराण्याचा पूर्वेतिहास तर कादंबरीत शोभेल. पॉलिव्हिनिल पायरोलिडोन हे वॉल्टर रेपे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकाच्या शेवटी बनवलं. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या शिरांत रक्तद्रवाऐवजी ते चढवलं गेलं. पन्नासच्या दशकात ते बायकांच्या केसांवरच्या हेअर-स्प्रेमध्ये गेलं. आणि मग गोळ्यांत स्थिरावलं.

उसनवारीला एक काळी बाजूही आहे. विरघळत नाही ना, मग विरघळवणारा द्रवच घ्या, असा आडरस्ता १९३७ साली अमेरिकेतल्या मॅसेंगिल कंपनीने घेतला. सल्फानिलामाइड हे औषध नीट विरघळवायला त्यांच्या केमिस्टने डायएथिलीन ग्लायकॉल निवडलं. हा कारखान्यांतला द्रव, चवीला गोड. चव तपासली, विषारीपणा तपासला नाही. शंभरावर माणसं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली, त्यात पुष्कळ मुलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत औषध विकण्याआधी त्याची निर्धोकता सिद्ध करण्याचा कायदा आला. आणि तरीही जानेवारी १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच द्रवाची भेसळ असलेलं ग्लिसरीन दिल्याने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चिरफाड केली. तो अहवाल औषधाच्या धंद्यात पडणाऱ्या प्रत्येकाला वाचायला लावावा.

मग या कुळात औषधवाल्यांचं स्वतःचं असं काय? माझं उत्तर: मोजणी. तीही हौसेने आली नाही, ठेच लागून आली. १९६८ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनमधले फिट्सचे रोगी अचानक झोकांड्या खाऊ लागले, डोळे भिरभिरू लागले. औषध बदललं नव्हतं, मात्राही नव्हती. फेनिटॉइन या फिट्सच्या औषधाचं प्रमाण जिथल्या तिथे. बदललं होतं ते कॅप्सूलमधलं भरताड. कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज आलं होतं. आधीच्या भरताडामुळे औषधाचा काही भाग वाया जात होता आणि डॉक्टरांनी नकळत त्या हिशेबाने मात्रा बसवल्या होत्या. लॅक्टोज आल्यावर औषध पुरतं अंगी लागलं आणि तेच विष ठरलं. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या लिंडेनबॉम आणि सहकाऱ्यांनी हृदयविकारावरच्या डिगॉक्सिनच्या बाजारातल्या गोळ्या तपासल्या, तर सारख्याच मिलिग्रॅमच्या गोळ्यांनी रक्तात चढणाऱ्या पातळीत सातपटीपर्यंत फरक निघाला. डिगॉक्सिनमध्ये उपयोगाची आणि अपायाची मात्रा यांत अंतर अगदी थोडं. त्यात सातपट म्हणजे लॉटरीच.

या सुमारास, १९७० मध्ये, अमेरिकी औषधकोशात विरघळण्याची म्हणजे डिसोल्यूशनची चाचणी दाखल झाली. सुरुवातीला गोळी जाळीच्या फिरत्या टोपलीत ठेवत, पुढे पॅडल म्हणजे वल्हं आलं. आज तारापूर असो, वाळूज असो की गोव्यातलं वेर्णा, कुठल्याही गोळ्यांच्या कारखान्याच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या विभागात शिरा, हे यंत्र दिसेलच. कोमट पाण्याच्या हौदात गोल बुडाची काचेची सहा भांडी, प्रत्येकात साधारण ९०० मिलिलिटर द्रव, तापमान ३७ अंश, चूक फार तर अर्ध्या अंशाची. भांड्याच्या तळापासून बरोबर २५ मिलिमीटर वर वल्हं, मिनिटाला ५० किंवा ७५ फेरे. द्रवातली विरघळलेली हवा आधी काढून टाकावी लागते, नाहीतर गोळीवर बुडबुडे धरतात आणि तिला वर उचलतात. कॅप्सूल तरंगू नये म्हणून तिला तारेचं वेटोळं घालतात. गोळी सोडली की मिनिटभरात फुटते, पण नजर ठेवायची ती तळाकडे. वल्ह्याच्या बरोबर खाली पाणी जवळजवळ हलत नाही, तिथे भुकटीचा टोकदार ढीग साचतो आणि आतलं औषध तसंच कोंडून राहतं. ठरल्या मिनिटाला नमुना ओढायचा आणि लगेच गाळायचा. गाळायला उशीर झाला तर नमुन्यातले कण सिरिंजमध्येच विरघळत राहतात आणि आकडा खोटा येतो. पहिल्या सहाही गोळ्या ठरलेल्या हद्दीच्या पाच टक्के वर असाव्या लागतात. नसल्या तर आणखी सहा, मग आणखी बारा. ‘डिसोल्यूशन फेल’ हे दोन शब्द ऐकले की अख्ख्या प्रॉडक्शन विभागाचा चहा कडू होतो. ग्रिझिओफुल्विनसारख्या हट्टी औषधासाठी त्या पाण्यात मुद्दाम साबणासारखं सोडियम लॉरिल सल्फेट मिसळतात, कारण नुसत्या पाण्यात परीक्षा घेतली तर कुणीच पास होणार नाही.

या भांड्यांची किंमत १९९८ मध्ये कळली. एचआयव्हीवरचं रिटोनाविर हे ॲबट कंपनीचं औषध १९९६ पासून कॅप्सूलमध्ये विकलं जात होतं, २४० लॉट बिनघोर निघाले होते. अचानक लॉट डिसोल्यूशनमध्ये नापास होऊ लागले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर आत कधी न दिसलेले स्फटिक. रेणू तोच, पण रचला गेला होता वेगळ्या आणि जास्त घट्ट पद्धतीने, त्यामुळे विरघळणं फार कमी. एकदा हा नवा स्फटिक जन्मला की त्याचा कण जिथे पडेल तिथे सगळं औषध त्याच्याच रूपात जाऊ लागतं. इटलीतल्या कारखान्यात तोवर तो नव्हता. अमेरिकेतली तपासणीची मंडळी तिथे जाऊन आल्यावर तिथेही दिसू लागला. कॅप्सूल बाजारातून गेल्या आणि रोग्यांना काही काळ अत्यंत बेचव द्रवावर भागवावं लागलं. कंपनीने हा सगळा प्रकार २००० साली शोधनिबंधात मांडला. त्यातलं पहिलं नाव चेंबूरकर असल्यामुळे मराठी वाचकाची नजर तिथे क्षणभर थांबते.

यावरचा टिकाऊ तोडगा निघाला प्लास्टिकच्या कारखान्यातून. नळ्या आणि पट्ट्या काढायचं दोन मळसूत्रांचं एक्स्ट्रुडर लुडविग्जहाफेनच्या बीएएसएफकडे होतं, आणि बहुलकंही त्यांचीच. त्यांची क्नॉल ही औषध शाखा २००१ मध्ये ॲबटने घेतली. औषध आणि कोपोव्हिडोन हे बहुलक तापत्या मळसूत्रांत काही क्षण मळलं, काचेसारखी लगदी बाहेर काढली, थंड करून दळली आणि गोळ्या पाडल्या. जपान्यांना १९६१ मध्ये जे भांड्यात जमलं ते आता टनांनी निघू लागलं. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये लोपिनाविर-रिटोनाविरची ही गोळी अमेरिकेत मंजूर झाली. आधीच्या सहा मऊ कॅप्सूल फ्रिजमध्ये ठेवाव्या लागत. आता चार गोळ्या, फ्रिज नको, जेवणाची अटही नको. आफ्रिकेतल्या नि आपल्याकडच्या ज्या घरांत फ्रिजच नाही तिथे या फरकाचा अर्थ निराळा सांगायला नको. मात्र ही गोळी कुटून मुलांना द्यायची नाही. कुटली तर रक्तात जाणारं औषध जवळपास निम्म्याने घटतं.

दुधाची भुकटी करणारा फवारा-वाळवणीचा मनोराही असाच आला. औषध आणि बहुलक द्रावकात मिसळून गरम हवेत फवारायचं, थेंब खाली पडेतो कोरडे. सिस्टिक फायब्रोसिसवरचं इव्हाकॅफ्टर (२०१२) असंच बनतं. व्हेमुराफेनिब या त्वचेच्या कर्करोगावरच्या औषधाची गोष्ट तर अंगावर काटा आणणारी. माणसांवरच्या पहिल्या चाचणीत मात्रा वाढवत नेली तरी गाठी हलेनात. औषध टाकाऊ नव्हतं, ते विरघळतच नव्हतं. चाचणी थांबवून रोशच्या न्यू जर्सीतल्या नवनीत शहा यांच्या गटाच्या पद्धतीने ते बहुलकात अडकवून नव्याने बनवलं, आणि मग गाठी आक्रसू लागल्या. २०११ मध्ये ते मंजूर झालं. त्या पहिल्या चाचणीनंतर कुणी हे औषध गुंडाळून ठेवलं असतं तर?

गजकर्ण मात्र गेलेलं नाही. गेल्या दहाएक वर्षांत भारतभर हट्टी गजकर्णाची साथ आहे, त्यामागच्या बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं भारताचं नाव मिळालं आहे, आणि ग्रिझिओफुल्विनची गादी आता बरीचशी इट्राकोनाझोलकडे आहे. हे तर आणखी हट्टी. आम्ल नसलेल्या पाण्यात ते जवळपास विरघळतच नाही. जॅन्सेन कंपनीने त्यासाठी केकवर भुरभुरायच्या साखरेच्या मण्यांची युक्ती घेतली. मण्यांवर औषध आणि बहुलक यांचा काचरूप लेप फवारला आणि ते कॅप्सूलमध्ये भरले. आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी निरनिराळ्या कंपन्यांच्या कॅप्सूल उघडून मणी मोजले, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा संख्येत आणि आकारात ठळक फरक आढळले. पट्टीवर मिलिग्रॅमचा आकडा सगळ्यांचा सारखाच. स्वस्त औषध म्हणजे वाईट औषध असं यातून काढू नका. लेप नीट बसला असेल आणि सहा भांड्यांची परीक्षा प्रामाणिकपणे दिली असेल तर कंपनीच्या नावाने फरक पडत नाही. पण नुसत्या मिलिग्रॅमवर विश्वास ठेवणंही भाबडेपणाचं.

तेव्हा ग्रिझिओफुल्विनची गोळी लिहून दिली असेल तर ती जेवणाबरोबर घ्या, जेवणात थोडं तूप-तेल असू द्या. इट्राकोनाझोलची नेहमीची कॅप्सूल भरल्या पोटी घ्या, आणि ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. पोटातलं आम्ल नसेल तर ते मणी तसेच पुढे जातात. फिटचं किंवा हृदयाचं औषध वर्षानुवर्षं चालू असताना दुकानदाराने ‘तेच आहे, फक्त कंपनी वेगळी’ म्हणून दुसरी पट्टी हातात ठेवली, तर पहिली गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. आणि पट्टीवर ‘फोडू किंवा चावू नये’ असं छापलं असेल तर ते पाळा.